मजुरी वाढली की यंत्र येतं का?
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

मजुरी, राहणीमान आणि कारखान्यातलं ऑटोमेशन या विषयावर आलेल्या पत्रांपैकी सात इथे घेतली आहेत. उत्तरांतले पगार, यंत्रांच्या किमती आणि विजेचे दर हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. त्यांच्या जागी आपल्या शेडचे आकडे घाला. हिशेबाची रीत तीच राहील, उत्तर मात्र बदलू शकेल.

प्रश्न : माझे २४ साधे माग आहेत, दोन पाळ्यांत चालतात. दरवर्षी मजुरी वाढते आणि कामगारही टिकत नाही. सगळे म्हणतात रेपियर (बिनधोट्याचा वेगवान माग) घे. मजुरी नेमकी किती झाली की रेपियर परवडतो?
— खर्चीवाला (व्यापाऱ्याच्या सुतावर मजुरीने विणणारा) यंत्रमागधारक, इचलकरंजी

आधी दोन्ही मागांचं उत्पादन एका मापात आणू. ५२ पिकाचं कापड धरा (पिक म्हणजे बाण्याचा, आडवा, एक धागा). इंचाला ५२ पिक म्हणजे मीटरला साधारण २,०४७. साधा माग मिनिटाला १४५ पिक मारतो. १२ तासांच्या पाळीत होतात १,०४,४००. धोटा अडकणं, कांडी (धोट्यातली बाण्याची गुंडाळी) बदलणं, ताणा (उभे धागे) तुटणं यात पाव वेळ जातो, म्हणजे ७५ टक्के एफिशियन्सी. हातात पडतं ३८ मीटर. रेपियर ४०० पिकांनी आणि ८८ टक्क्यांनी चालला तर त्याच पाळीत १२४ मीटर काढतो.

म्हणजे तुमच्या २४ मागांचं सुमारे ९१८ मीटरचं काम ८ रेपियर करतील, वर थोडं जास्तच. साध्या मागावर एक कामगार सहा माग सांभाळतो, म्हणजे पाळीला चार जण. आठ रेपियरना एक जण पुरतो. दोन पाळ्या मिळून सहा हजेऱ्या वाचल्या. रेपियर बाणा थेट कोनवरून ओढतो, त्यामुळे कांडीवालेही दोन वाचले.

आता मजुरी घालू. पाळीला ८०० रुपये आणि कांडीवाल्याला ५०० धरले, वर्षाचे ३०० दिवस धरले, तर मागावरचे १४.४० लाख आणि कांडीचे ३ लाख, एकूण १७.४० लाख वाचतात. पण वीज वाढते. २४ साधे माग प्रत्येकी ०.६ किलोवॅट खातात, आठ रेपियर प्रत्येकी ३ किलोवॅट. दिवसाला २३० युनिट जास्त जातात, ६ रुपये दराने वर्षाला सव्वाचार लाखांच्या आसपास. टेप, ग्रिपर, कार्ड (इलेक्ट्रॉनिक सर्किट) आणि फिटर यांचे दीड-पावणेदोन लाख. हातात राहिले ११.६५ लाख. आठ माग ८० लाखांना पडले आणि कर्ज ११ टक्क्यांनी मिळालं, तर पहिल्या वर्षाचं व्याजच ८.८० लाख. व्याज न धरताही पैसे फिटायला सात वर्षं.

हाच हिशेब ५०० रुपये मजुरीने करून बघा (कांडीची मजुरीही त्याच प्रमाणात). निव्वळ बचत पाच लाखांवर येते, व्याजसुद्धा निघत नाही. मजुरी १,२०० धरली तर बचत २०.३५ लाख होते आणि चार वर्षांत माग फिटतो. माग तोच, सूत तेच, बँकही तीच. फक्त हजेरीचा आकडा बदलला आणि ‘वेडेपणा’चं ‘शहाणपण’ झालं. जगभर यंत्रमाग याच गणिताने हलला. धोट्यातली कांडी आपोआप बदलणारा नॉर्थ्रॉप माग १८९५ च्या सुमारास अमेरिकेत आला, कारण तिथे विणकराचा पगार भारी होता. त्याच काळात मुंबईच्या गिरणीत एक विणकर दोन माग चालवत होता आणि मालकाला त्यात काही गैर वाटत नव्हतं.

तरीही तुमच्या आठशे रुपयांत रेपियर बसूच शकत नाही, असं नाही. मजुरीची बचत एवढाच त्याचा फायदा नाही. पन्हा मोठा मिळतो, कापडात दोष कमी येतात. व्यापारी मीटरमागे एक रुपया जास्त खर्ची देणार असेल, तर वर्षाच्या ५.९५ लाख मीटरवर तेवढेच लाख वाढतात आणि सात वर्षांची साडेचार होतात. म्हणून मागाची ऑर्डर देण्याआधी खर्चीचा दर लेखी घ्या. दर वाढवून मिळणार नसेल तर थांबा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आता बिघडतं कुठे ते बघा. पहिलं सूत आणि सायझिंग (ताण्याला खळ लावणं). १४५ पिकांवर चालणारा ताणा ४०० पिकांवर तुटतो. साध्या मागाला चालणारी खळ रेपियरला चालेलच असं नाही. ८८ ची एफिशियन्सी ७० वर आली की ९९२ मीटरचे ७९० होतात, आणि सतत धागे जोडणारा माणूस आठ माग सांभाळू शकत नाही. दुसरा माणूस उभा करावा लागतो आणि वरचा सगळा हिशेब कोसळतो. दुसरी गोष्ट कडेची. रेपियर प्रत्येक पिकाला बाण्याचं टोक बाहेर सोडतो आणि ते कापून टाकावं लागतं. ते सूत व्यापाऱ्याचं असतं. त्याची तूट कोणाच्या खाती, हे आधी ठरवा. तिसरी वीज. व्होल्टेज खाली-वर झालं की साधा माग कुरकुरतो, पण चालतो. रेपियरचं कार्ड जळतं. स्टॅबिलायझर आणि स्वतंत्र अर्थिंग मागासोबतच करा. जुना आयात केलेला माग घेत असाल तर कार्ड अजून बाजारात मिळतं का, हे त्याच मेकचे माग चालवणाऱ्या दोन कारखान्यांत जाऊन विचारा.

आणि एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. आपल्याकडे यंत्रमागाच्या वीज सवलतीचा टप्पा २७ अश्वशक्तीवर बदलतो. एक-एक अश्वशक्तीच्या मोटरी असतील तर तुमचे २४ माग या रेषेच्या आत बसतात. आठ रेपियर बसवले की रेषा ओलांडली. नवा दर कोणता लागेल, हे वीज कार्यालयातून आधी लिहून घ्या.

प्रश्न : मजुरी महाग तिथे नवं यंत्र आधी येतं, असं असेल तर नागपूरच्या एम्प्रेस मिलने विलायतेच्या आधी नवी चाती कशी आणली? मजुरी तर इथे स्वस्त होती.
— वाचक, नागपूर

अगदी योग्य शंका आहे. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली आणि १८८० च्या दशकात तिने रिंग चाती (सूत कातायचं नवं, चालवायला सोपं यंत्र) घेतली. इंग्लंडमधलं लँकेशायर त्यानंतरही कित्येक वर्षं म्यूलवर (कातायच्या जुन्या यंत्रावर) सूत कातत होतं.

इथे हिशेब माणसं किती लागतात याचा नव्हता, कसब किती लागतं याचा होता. म्यूल चालवायला वर्षानुवर्षं मुरलेला कातकरी लागतो. लँकेशायरमध्ये अशी माणसं पिढ्यांपासून होती, त्यांची संघटना होती आणि त्यांच्या हाताखाली म्यूल बारीक सूत स्वस्तात काढत होता. नागपुरात असा माणूस शोधूनही मिळाला नसता. रिंगवर थोड्या शिक्षणात नवा माणूस उभा राहतो, आणि जाड सुताला रिंग उत्तम. इथे मजूर स्वस्त होता, कसबी कामगार मात्र दुर्मिळ होता. यंत्राने दुर्मिळ गोष्टीची जागा घेतली. आजही सीएनसी (संगणकाने चालणारी) मशीन अशाच जागी आधी येते, जिथे चांगला टर्नर (लेथ चालवणारा कसबी कामगार) मिळत नाही. हेल्पर महाग आहे की स्वस्त, याने तिथे फरक पडत नाही.

प्रश्न : दोन सीएनसी लेथवर मिळून पाळीला एक ऑपरेटर आहे, तीन पाळ्या. ऑपरेटरला १८,००० देतो. लोडिंग रोबोचं कोटेशन २२ लाखांचं आलं आहे. घ्यावा का?
— लघुउद्योजक, भोसरी

पहिली चूक १८,००० हाच खर्च धरण्याची. हा सगळा मूळ पगार आणि महागाई भत्ता धरला तर त्यावर प्रॉव्हिडंट फंडाचा मालकाचा वाटा प्रशासकीय खर्चासह १३ टक्के, म्हणजे २,३४०. ईएसआय (कामगार विमा) ३.२५ टक्के, ५८५. किमान बोनस ८.३३ टक्के, १,५००. ग्रॅच्युइटीची तरतूद ४.८१ टक्के, ८६६. भरपगारी रजा आणि सणांच्या सुट्ट्या महिन्याला सरासरी दोन दिवस धरल्या तर तेराशेच्या आसपास. कँटीन, गणवेश, बूट, बस यांचे दीड हजार. झाले २६,०००. तीन पाळ्यांचे वर्षाला सव्वानऊ लाखांच्या वर.

दुसरी चूक, रोबो आला की तिघेही कमी होतील असं धरण्याची. होत नाहीत. फीडरमध्ये जॉब (घडवायचा भाग) भरायला, इन्सर्ट (कापणारं पातं) बदलायला, अडकलं तर सोडवायला कोणीतरी लागतंच. तिघांतले दोघं दुसरीकडे वळवता येतात. त्याचे ६.२५ लाख. त्यातून देखभाल, वीज आणि बंद पडलेले तास यांचे सव्वा लाख वजा केले तर ५ लाख उरतात. २२ लाख फिटायला साडेचार वर्षं. तुमचा गिऱ्हाईक या जॉबची किती वर्षांची हमी देतो? दोन वर्षांची देत असेल तर हिशेब तिथेच संपला.

पण पैशापेक्षा मोठी अडचण मशीनजवळ उभं राहिल्यावर दिसते. एक सायकल नीट बघा. दार उघडतं. ऑपरेटर जॉब काढता काढता चकच्या (जॉब धरणाऱ्या पंजाच्या) जॉमध्ये अडकलेली चिप हुकाने ओढतो, हवेचा फवारा मारतो. नवा जॉब बसवताना मनगटाने किंचित फिरवून तो पाठीमागे टेकला का, हे चाचपतो. पेडल दाबतो. सायकल चालू असताना आधीच्या जॉबची बर (कडेला उरलेला खरखरीत धातू) काढतो, गेज लावतो, दर पाचव्या-दहाव्या जॉबला मायक्रोमीटर लावून ऑफसेट (मशीनमध्ये भरलेलं हत्याराच्या जागेचं माप) दोन-चार मायक्रॉन सरकवतो. आणि या सगळ्यात इन्सर्टचा आवाज बदलला तर त्याचा हात आपोआप फीड होल्डवर (कापणं थांबवायच्या बटणावर) जातो. याला आपण ‘लोडिंग’ म्हणतो आणि पगारही लोडिंगचाच देतो.

रोबो यातलं एकच काम करतो. बाकीच्यांसाठी वेगळी सोय करावी लागते. जॉब टेकला की नाही ते बघायला चकमध्ये हवेच्या दाबावर चालणारा सीट-चेक लागतो. चिप लांब धाग्यासारखी निघत असेल तर चिपब्रेकरचा इन्सर्ट आणि जास्त दाबाचं कूलंट लागतं, नाहीतर रोबो चिपसकट जॉब चकमध्ये कोंबतो आणि बोअर (आतलं भोक) वाकडा होतो. मोजमापासाठी गेज स्टेशन आणि त्यातून मशीनला जाणारी ऑफसेट दुरुस्ती लागते. टूलसाठी जॉबसंख्येचा काउंटर, आणि तो सावध आकड्यावर लावावा लागतो, म्हणजे इन्सर्टचा खर्चही वाढतो. कास्टिंगच्या (ओतीव भागाच्या) बाहेरच्या मापात दीड-दोन मिलिमीटरचा फरक येत असेल तर ग्रिपरची पकड चुकते. कोटेशनमध्ये यातलं काय आहे आणि काय नाही, ते ओळ लावून विचारा. बावीसचे अठ्ठावीस लाख इथेच होतात.

म्हणून आधी १५ दिवस मशीनला एक वही टांगा. ऑपरेटरला सायकलबाहेर कशासाठी हात घालावा लागला, ते प्रत्येक वेळी एका शब्दात लिहायला सांगा : चिप, सीटिंग, माप, इन्सर्ट, कास्टिंग. तासाला एकापेक्षा जास्त नोंदी असतील तर रोबो नको, आधी कारण काढा. आणि ही वही ऑपरेटरवर नजर ठेवायला नाही, हे त्याला पहिल्याच दिवशी सांगा. नाहीतर पानं कोरी राहतील.

तोवर स्वस्त सुधारणा करून घ्या. दाराला न्यूमॅटिक सिलिंडर, सायकल संपताच आपोआप हवेचा फवारा, कमरेच्या उंचीवर उताराची ट्रे, तयार जॉबला घसरगुंडी. मशीनिंग ५५ सेकंद आणि लोडिंग २० असेल तर एका जॉबला ७५ सेकंद लागतात. लोडिंग १२ वर आणलं तर ६७. म्हणजे त्याच माणसात, त्याच मशीनवर जवळपास १२ टक्के उत्पादन जास्त. हे वाढलेलं उत्पादन विकलं जात असेल, तर त्यातला वाटा ऑपरेटरच्या पगारात जायला हवा. तो गेला नाही तर तीन महिन्यांत लोडिंग पुन्हा २० सेकंदांवर येतं, आणि त्यात ऑपरेटरचा काही दोष नाही.

प्रश्न : जिथे पगार जास्त तिथे रोबो जास्त, हे आकड्यांनी सिद्ध होतं का?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, पुणे

अर्धंच. आंतरराष्ट्रीय रोबोटिक्स महासंघाच्या २०२३ च्या आकड्यांनुसार कारखान्यांतल्या दर १०,००० कामगारांमागे दक्षिण कोरियात १,०१२ रोबो होते, चीनमध्ये ४७०, जर्मनीत ४२९, जपानमध्ये ४१९, आणि जगाची सरासरी १६२. जर्मन कामगाराचा पगार कोरियन कामगारापेक्षा कमी नाही, तरी कोरियात रोबो दुपटीहून जास्त. कारण त्या देशाचा कारखाना म्हणजे मुख्यतः इलेक्ट्रॉनिक्स आणि मोटारी, आणि रोबो सर्वांत सोपा पडतो तो याच दोन धंद्यांत. चीनचा पगार जर्मनीच्या जवळपासही नाही, तरी तो पुढे होता. तिथे पगार झपाट्याने वाढत होते, काम करायच्या वयाची माणसं कमी व्हायला लागली होती, सरकारी पाठबळ होतं आणि रोबोही देशातच बनू लागले. आजचा पगार किती, यापेक्षा पाच वर्षांनी तो किती असेल हे बघून मालक यंत्र घेतो. प्रकल्पासाठी हा विषय घेत असाल तर देशांची तुलना करण्याऐवजी एकाच धंद्यातल्या दोन गावांची करा. उत्तर जास्त खरं मिळेल.

प्रश्न : फौंड्रीत फेटलिंगला (कास्टिंग घासून साफ करायला) माणूस टिकत नाही. पगार वाढवून बघितला. स्थानिक मुलं येत नाहीत, बाहेरची येतात ती चार महिन्यांत जातात. आता यंत्राशिवाय पर्याय नाही असं वाटतं.
— फौंड्री व्यवस्थापक, कोल्हापूर

इथे प्रश्न मजुरीपेक्षा राहणीमानाचा आहे. ज्या घरात दूध-ऊस आहे, मुलगा आयटीआय झाला आहे, दाराशी मोटरसायकल आहे, त्या घरातला मुलगा धूळ आणि ग्राइंडरचा दणका खायला तयार नाही. फौंड्रीत जातो म्हटलं की लग्नाला मुलगी मिळत नाही, ही तक्रार त्याच्या आईची असते आणि ती खरी असते. बिहार-ओडिशातून येणाऱ्याच्या घरीही दिवस बदलत आहेत. जे काम त्याच्या थोरल्या भावाने निमूटपणे केलं, ते तो करेलच असं नाही.

हे जगभर असंच घडलं आहे. पहिला औद्योगिक रोबो, युनिमेट, १९६१ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या न्यू जर्सीतल्या कारखान्यात लागला, तो डाय-कास्टिंगमधून तापलेला जॉब बाहेर काढायला. म्हणजे कोणालाच नको असलेल्या कामाला. स्वीडनमध्ये पगार चांगला असूनही तरुण असेंब्ली लाइनवर टिकेनात, गैरहजेरी वाढली, तेव्हा व्होल्वोने १९७४ साली काल्मारचा कारखाना सरकती लाइन काढून टाकून, छोट्या गटांनी गाडी जोडायची अशा पद्धतीने बांधला. काम बदला किंवा यंत्र आणा, हे दोनच रस्ते त्यांच्यापुढे होते आणि तुमच्यापुढेही तेच आहेत.

आधी गळतीचा हिशेब मांडा. दहा जागा आहेत आणि माणूस चार महिन्यांत जातो, म्हणजे वर्षाला ३० नव्या भरती. नवा माणूस पहिला महिना अर्धंच काम करतो. पगार २०,००० असेल तर १०,००० तिथे गेले. त्याच्या हातून खोल घासून वाया गेलेल्या कास्टिंगचे दोन-तीन हजार. वर्षाला पावणेचार लाखांच्या आसपास. दहाही जणांचा पगार तीन हजारांनी वाढवला तर खर्च ३.६० लाख. म्हणजे ही वाढ तुम्ही आजही देताच आहात, फक्त ती कोणाच्या हातात पडत नाही. पगार वाढवून बघितला म्हणता, तेव्हा धूळ ओढणारी यंत्रणा बसवली होती का? खोलीत किती जण झोपतात, पाणी किती वाजता येतं, हे पाहिलं होतं का? या तीन गोष्टी एकत्र झाल्या तरच माणूस थांबतो. सिलिकाच्या धुळीने फुप्फुसं कायमची निकामी होतात. तिथे तोंडाला रुमाल बांधून काम चालवणं हा गुन्हाच मानला पाहिजे.

यंत्राकडे वळाल तेव्हा शेवटापासून सुरू करू नका. फेटलिंगचं काम मोल्डिंगमध्ये जन्मतं. बॉक्सची पिन-बुश झिजली की कोप आणि ड्रॅग (साच्याचा वरचा आणि खालचा भाग) सरकतात, पार्टिंग लाइनला (दोन भागांच्या जोडावर) जाड फ्लॅश (जादा धातूचा पापुद्रा) येतो आणि तोच पुढे ग्राइंडरवर मिनिटं खातो. कोअर प्रिंट (साच्यातल्या गाभ्याची बैठक) सैल असेल तरी तेच होतं. एका आठवड्यातल्या कास्टिंगचा फ्लॅश कुठे, किती जाड आहे ते मोजा आणि त्याप्रमाणे पिन-बुश बदला, पॅटर्न दुरुस्त करा. गेट (साच्यात धातू शिरायची वाट) अशा जागी आणा की हातोडीच्या एका घावात तुटेल आणि उरलेला बुंधा लहान राहील. मग शॉट ब्लास्टिंग, ग्राइंडरला स्प्रिंग बॅलन्सर, १५ किलोवरच्या जॉबला होइस्ट. मोठ्या संख्येचा एकच जॉब असेल तर ट्रिम प्रेस. रोबो सगळ्यात शेवटी. कास्टिंग प्रत्येक वेळी फिक्स्चरमध्ये सारखंच बसलं नाही, तर रोबो एका जागी हवेत घासतो आणि दुसऱ्या जागी धातूत घुसतो. ज्या फौंड्रीने फ्लॅश आवरला नाही, तिथला रोबो सहा महिन्यांत ताडपत्रीखाली जातो.

प्रश्न : आमच्या युनिटमध्ये ६० बायका शिलाई करतात. सगळं यंत्रावर जाईल अशी भीती त्यांना वाटते. खरंच जाईल का?
— पर्यवेक्षिका, बारामती

शिवण लवकर जाणार नाही. लोखंडी जॉब उचलला तरी त्याचा आकार तोच राहतो. कापड उचललं की लोंबतं, सुरकुततं, दोन थर चिकटतात. बोटांना हे सहज समजतं, यंत्राला फार महागात समजतं. जातात ती आजूबाजूची कामं : धागा कापणं, काज-बटण, बारटॅक (ताण पडतो तिथला घट्ट टाका), खिसा बसवणं, कटिंग, थर अंथरणं.

बांगलादेशाकडे बघा. तिथल्या कपडा उद्योगातलं किमान वेतन २०१० मध्ये ३,००० टाका होतं, २०१३ मध्ये ५,३००, २०१८ मध्ये ८,००० आणि डिसेंबर २०२३ पासून १२,५००. याच वर्षांत तिथल्या स्वेटर कारखान्यांतली हाताने ओढायची विणकाम यंत्रं जाऊन संगणकावर चालणारी जॅकार्ड यंत्रं आली, आणि एक ऑपरेटर अशी अनेक यंत्रं सांभाळू लागला. शर्ट शिवणाऱ्या बायका मात्र मशीनवरच आहेत. वेतनवाढ दोन्हीकडे सारखीच होती, पण विणकामाला यंत्र तयार होतं आणि शिवणीला नव्हतं. आणखी एक गोष्ट : हाताचं विणकाम अंगमेहनतीचं म्हणून त्यावर पुरुष जास्त होते. यंत्र आधी त्यांच्याकडे आलं.

तुमच्या बायकांना आत्ताच एक गोष्ट शिकवता येईल. जी फक्त साधी शिवण मारते, तिला ओव्हरलॉक आणि फ्लॅटलॉक दोन्ही शिकवा, आणि बारटॅकसारखी प्रोग्रामवर चालणारी मशीन सेट करायला दोघी-तिघींना बसवा. रोज दुपारच्या सुट्टीनंतर अर्धा तास पुरतो. सेट करणारी बाई यंत्र आल्यावर लाइनवर आणखी हवीशी होते.

प्रश्न : आम्ही पगारवाढ मागितली की साहेब म्हणतात, जास्त मागाल तर रोबो आणू. मग मागायचंच नाही का?
— कामगार, चाकण

मागा. रोबो आणायचा की नाही हे तुमच्या दोन हजारांच्या वाढीवर क्वचितच ठरतं. वरच्या भोसरीच्या हिशेबात १८,००० चे २०,००० करून बघा. साडेचार वर्षांची चारच्या आसपास येतात, बस. तो निर्णय मुख्यतः ऑर्डर किती वर्षांची, जॉब किती सारखे आणि गिऱ्हाईकाला किती अचूकता हवी यावर होतो. तुम्ही गप्प बसलात म्हणून यंत्र थांबत नाही.

उलटंही घडतं. फोर्डच्या कारखान्यात १९१३ साली सरकती लाइन आली, चेसिस जोडायचा वेळ साडेबारा तासांवरून दीड तासावर आला, पण त्या वर्षी कामगारांची गळती ३७० टक्के होती. माणसं टिकावीत म्हणून जानेवारी १९१४ मध्ये दिवसाला ५ डॉलर जाहीर करावे लागले, आधीच्या दुपटीहून जास्त. महागडी लाइन एका माणसाच्या गैरहजेरीने थांबते. म्हणून यंत्र जितकं महाग, तितकी ते चालवणाऱ्याची किंमत जास्त.

पण नुसता आकडा मागू नका. १९२८ साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी एप्रिल ते ऑक्टोबर असा सहा महिने संप केला. त्यातलं एक मोठं कारण होतं विणकराला दोनऐवजी तीन माग आणि कातणाऱ्याला एकऐवजी दोन बाजू देण्याचं. वाढलेल्या कामाचे पैसे कोणाला मिळणार आणि कमी झालेले कामगार कुठे जाणार, हेच त्या भांडणाचं मूळ होतं. शंभर वर्षं होत आली तरी करारात लिहून घ्यायच्या गोष्टी त्याच आहेत. एका माणसाकडे किती मशीन, हा आकडा. मशीन वाढल्या तर हजेरी किती वाढेल, तो दर. नवं यंत्र आलं तर त्याचं प्रशिक्षण आधी इथल्याच लोकांना, पगारी वेळेत. जागा कमी करायच्याच तर निवृत्ती आणि बदलीतून, कपातीतून नाही. कंत्राटी मुलांनाही यात धरा, कारण यंत्र आलं की पहिला गेट पास त्यांचाच बंद होतो आणि त्यांच्या वतीने टेबलावर कोणी बसलेलं नसतं. आणि ओव्हरटाइम दुप्पट दरानेच घ्या. आठवड्याला ४८ तासांवरचं काम एकेरी दराने करून दिलं, तर साहेबांच्या हिशेबात तुमचा तास खऱ्यापेक्षा स्वस्त दिसतो आणि पुढच्या करारात तोच आकडा तुमच्यासमोर ठेवला जातो.